वर्ल्डकॉम : उदय आणि अस्त

अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या दूरध्वनी सेवेत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या वर्ल्डकॉम कंपनीने २५ जून २००२ रोजी आपल्या हिशेबांत ३.८ अब्ज डॉलरची चुकीची नोंद झाल्याचे जाहीर केले. महिन्याभरात, २१ जुलै रोजी, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. शंभर अब्ज डॉलरहून अधिक मालमत्ता दाखविणाऱ्या या कंपनीची दिवाळखोरी तोपर्यंतच्या अमेरिकी इतिहासात सर्वांत मोठी होती. २००८ मध्ये लेहमन ब्रदर्सने तो विक्रम मोडला.

कंपनीची सुरुवात १९८३ मध्ये मिसिसिपी राज्यात 'लाँग डिस्टन्स डिस्काउंट सर्व्हिसेस' या नावाने झाली. एटी अँड टीची मक्तेदारी तेव्हा मोडीत निघत होती. मोठ्या कंपन्यांकडून घाऊक दराने दूरध्वनी वाहिन्या घ्यायच्या आणि ग्राहकांना स्वस्त सेवा द्यायची, असा हा व्यवसाय होता. १९८५ मध्ये बर्नार्ड एबर्स यांच्याकडे सूत्रे आली. मूळचे कॅनडाचे एबर्स यांनी पूर्वी घरोघर दूध पोहोचविले होते, बास्केटबॉल शिकविले होते आणि मोटेल चालविली होती. तंत्रज्ञानाशी त्यांचा संबंध नव्हता. कंपन्या विकत घेण्यात मात्र ते वाकबगार होते. १९९८ मध्ये तर वर्ल्डकॉमने आपल्याहून मोठी असलेली एमसीआय सुमारे ३७ अब्ज डॉलरना घेतली. अशा खरेदीची किंमत बहुतांशी स्वतःच्या समभागांतून चुकविली जात असल्याने समभागाचा भाव चढता राहणे हीच कंपनीची गरज बनली.

२००० मध्ये स्प्रिंट कंपनीशी ठरलेले विलीनीकरण अमेरिका व युरोपातील नियामकांच्या विरोधामुळे बारगळले. इंटरनेटवरील वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते, असा दावा याच कंपनीच्या गोटातून पसरला होता. त्या भरवशावर इतर कंपन्यांच्या वाहिन्या दीर्घ मुदतीच्या कराराने भाड्याने घेतल्या गेल्या. मागणी आली नाही. भाडे मात्र चालूच राहिले.

या भाड्यातूनच घोटाळा जन्मला. भाडे हा चालू खर्च असल्याने तो त्याच तिमाहीच्या नफ्यातून वजा व्हावयास हवा. प्रारंभी जुन्या तरतुदी मोकळ्या करून तो झाकला गेला. त्या संपल्यावर २००१ पासून मुख्य वित्त अधिकारी स्कॉट सुलिव्हन यांच्या सूचनेवरून कोट्यवधी डॉलरचे भाडे भांडवली मालमत्ता म्हणून ताळेबंदात चढविले जाऊ लागले. घरभाडे भरून ते घर विकत घेतल्याची नोंद करावी, तसाच हा प्रकार. परिणामी २००१ मध्ये तोट्यात असलेल्या कंपनीने सुमारे १.४ अब्ज डॉलरचा नफा दाखविला. हिशेब विभागातील काही कर्मचाऱ्यांनी राजीनाम्याचा विचार केला होता. विमाने आकाशात आहेत, ती आधी उतरू द्या, अशा शब्दांत सुलिव्हन यांनी त्यांना थांबविले. आश्चर्य असे की आर्थर अँडरसन या नामांकित हिशेब तपासनीस संस्थेच्या नजरेतून हे सारे निसटले.

ते पकडले कंपनीच्याच अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने. विभागप्रमुख सिंथिया कूपर व त्यांचे सहकारी रात्री उशिरापर्यंत संगणकावरील नोंदी चाळत होते. तपासणी पुढील तिमाहीपर्यंत लांबवावी, असे सुलिव्हन यांनी सुचविले. कूपर यांनी ते मानले नाही आणि संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीकडे धाव घेतली. सुलिव्हन यांना बडतर्फ करण्यात आले. वैयक्तिक कर्जांसाठी कंपनीकडून सुमारे ४० कोटी डॉलरचे साह्य घेतलेले एबर्स एप्रिलमध्येच पायउतार झाले होते. पुढील तपासात घोटाळ्याचा आकडा ११ अब्ज डॉलरपर्यंत गेला.

जूनमध्येच १७,००० कर्मचाऱ्यांच्या कपातीची घोषणा झाली होती. १९९९ मध्ये साठ डॉलरच्या पुढे गेलेला समभाग एका डॉलरखाली घसरला आणि त्यात गुंतविलेली अनेकांची निवृत्तीची पुंजी बुडाली. एन्रॉन प्रकरणापाठोपाठ आलेल्या या धक्क्याने अमेरिकेत जुलै २००२ मध्येच सार्बेन्स-ऑक्स्ली कायदा झाला. भारतातही केंद्र सरकारने ऑगस्ट २००२ मध्ये लेखापरीक्षण व कंपनी कारभाराच्या विचारासाठी नरेश चंद्र समिती नेमली.

एबर्स यांना २००५ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या सुलिव्हन यांना पाच वर्षांची. कंपनी २००४ मध्ये एमसीआय या नावाने दिवाळखोरीतून बाहेर पडली आणि २००६ मध्ये व्हेरायझनने ती विकत घेतली. प्रकृतीच्या कारणावरून डिसेंबर २०१९ मध्ये सुटका झालेले एबर्स फेब्रुवारी २०२० मध्ये निधन पावले.