क्षयाच्या गोळीपासून पेशीच्या संरक्षणापर्यंत

न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात 1952 साली इप्रोनियाझिड हे क्षयावरील औषध देण्यात आले, तेव्हा खंगलेले रुग्ण उल्हसित झाले, त्यांची भूक वाढली आणि काही तर वॉर्डातच नाचू लागले. पुढे 1957 मध्ये मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी हेच औषध खिन्नतेवर वापरले. दरम्यान अर्न्स्ट झेलर यांनी दाखवले होते की ते मोनोअमाइन ऑक्सिडेझ या विकराला, म्हणजे सेरोटोनिनसारखे संदेशवाहक रेणू मोडणाऱ्या प्रथिनाला, रोखते. सारे लक्ष साहजिकच वाचलेल्या सेरोटोनिनकडे गेले. त्याच मोडतोडीत हायड्रोजन पेरॉक्साइड हा पेशीला घातक पदार्थही तयार होतो, ही बाब मात्र मनोविकारशास्त्रात दीर्घकाळ दुय्यम राहिली. काविळीच्या तक्रारींमुळे इप्रोनियाझिड अमेरिकेत 1961 मध्ये मागे घेतले गेले.

अशा ऑक्सिजनजन्य घातक पदार्थांपासून पेशी स्वतःला कशी वाचवते, हे दुसरीकडे कळू लागले होते: जैवरसायनशास्त्रज्ञ मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी 1969 मध्ये सुपरऑक्साइड डिसम्युटेझ या संरक्षक विकराचे कार्य उलगडले, तर 1985 मध्ये हेल्मुट झीस यांनी ऑक्सिडेटिव्ह ताणाची, म्हणजे ऑक्सिजनजन्य विध्वंसक रेणू आणि त्यांना निष्प्रभ करणारी यंत्रणा यांच्यातील बिघडलेल्या तोलाची, संकल्पना मांडली. शरीराच्या सुमारे 2 टक्के वजनाचा मेंदू विश्रांतीतही सुमारे 20 टक्के ऑक्सिजन वापरतो, त्यामुळे त्याला हा धोका अधिक. खिन्नतेवरील फ्लुओक्सेटिनसारख्या औषधांनी ताणग्रस्त उंदरांच्या मेंदूत ग्लुटाथायोन हा संरक्षक रेणू व संरक्षक विकरे वाढल्याचे अनेक प्रयोगांत दिसले. माणसांतील निष्कर्ष बहुतांशी रक्तचाचण्यांवर बेतलेले आणि परस्परविसंगत असल्याने, औषधाचा गुण याच मार्गाने येतो असे म्हणणे घाईचे ठरते.