नापीक जलमार्ग: ग्रीसच्या लहान बेटांना जोडणाऱ्या बोटींचा इतिहास

१/
ग्रीसमध्ये सुमारे ६,००० लहानमोठी बेटे आहेत. त्यांपैकी जेमतेम सव्वादोनशे बेटांवर मनुष्यवस्ती आहे आणि यांतील बहुसंख्य बेटांवर विमानतळ नाही. बोट आली तर पीठ, औषधे, टपाल आणि शाळेचे शिक्षक येतात. न आली तर यांपैकी काहीच येत नाही. मग जेथे दोनशे माणसे राहतात, तेथे तोटा सोसून बोट कोणी न्यायची? या प्रश्नाला ग्रीसने वेळोवेळी दिलेली उत्तरे आणि त्यांसाठी मोजलेली किंमत, हा या थ्रेडचा विषय.

२/
प्रारंभ शिडांच्या काळापासून करावा लागतो. एजियन समुद्रातील बेटे दाटीवाटीने वसलेली आहेत. एका बेटाचा डोंगर मागे पडतो न पडतो तोच पुढच्या बेटाचा दिसू लागतो. डेलॉस या पवित्र बेटाभोवती वर्तुळात पसरलेल्या बेटांना त्या वर्तुळावरूनच 'किक्लादेस' हे नाव मिळाले. उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणारे 'मेल्तेमी' वारे आणि हिवाळ्यातील वादळे प्रवासाचे दिवस ठरवीत. मात्र शेजारच्या बेटावर जाण्यासाठी आधी राजधानीचे बंदर गाठावे लागत नसे.

३/
आगबोटींच्या युगात सिरोस बेट पुढे आले. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात, १८२२ मध्ये ऑटोमन फौजांनी खिओस बेटावर कत्तल केली. १८२४ मध्ये प्सारा बेट उद्ध्वस्त झाले. तेथून जीव वाचवून निघालेल्या निर्वासितांनी सिरोसच्या किनाऱ्यावर नवे शहर वसवले. व्यापाराचा देव हर्मीस याच्या नावावरून त्याला 'एर्मूपोली' म्हटले गेले. १८५० च्या दशकात याच शहरात, सरकारच्या पाठबळावर, ग्रीक आगबोट कंपनी उभी राहिली. १८६१ मध्ये 'नेओरिओन' हा जहाजबांधणीचा कारखाना निघाला. काही दशके हे बेट देशाचे अग्रगण्य बंदर होते.

४/
हे वैभव टिकले नाही. १८६९ मध्ये अथेन्स आणि पिरेअस बंदर रेल्वेने जोडले गेले. १८९३ मध्ये कोरिंथचा कालवा खुला झाला. व्यापाराचे केंद्र पिरेअसकडे सरकले आणि जलमार्गांची रचनाच पालटली. चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मुख्य मार्ग पिरेअसहून निघू लागले. समोर दिसणाऱ्या बेटावर जाण्यासाठीही कधी कधी पिरेअसचा वळसा घ्यावा लागे. अनेक लहान बेटांवर धक्का नव्हता. आगबोट खोल पाण्यात नांगर टाकी आणि उतारू, गुरे व पोती होड्यांतून किनाऱ्याला लागत.

५/
या एकाकीपणाचा उपयोग राज्यकर्त्यांनी वेगळ्याच कामासाठी केला. मेताक्सास यांच्या हुकूमशाहीत (१९३६–४१) कम्युनिस्टांना व अन्य विरोधकांना अनाफी, आय-स्त्रातिस अशा बेटांवर हद्दपार करण्यात आले. तेथे तुरुंगाची भिंत उभारण्याचे कारण नव्हते. क्वचित येणारी बोट हाच पहारा होता.

६/
एप्रिल १९४१ मध्ये जर्मनीने ग्रीसवर आक्रमण केले आणि देशाच्या प्रवासी बोटींपैकी बहुतेक बोटी विमानहल्ल्यांत बुडाल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात परकीय ताबा आणि ब्रिटिश नाकेबंदी यांच्या कात्रीत धान्य येईनासे झाले. जे सिरोस कधीकाळी आगबोटींचे माहेरघर होते, तेथेच भीषण उपासमार झाली. आय-स्त्रातिसवरील राजबंदीही भुकेने मेले. बोट थांबली की बेटाचे काय होते, हे त्या हिवाळ्यात साऱ्या देशाने पाहिले.

७/
नफा नसलेल्या, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या बोटमार्गाला ग्रीक भाषेत 'आगोनी ग्रामी' म्हणतात. शब्दशः अर्थ 'नापीक मार्ग'. जमिनीसाठी वापरायचे विशेषण येथे समुद्राला लागले आहे. सरकार पैसे देते, तेव्हा कोणी तरी बोट चालवते. परंतु कोणती बोट? युद्धानंतर ग्रीक मालकांनी परदेशांतील जुनी जहाजे विकत घेऊन, त्यांत फेरफार करून ती चालवली. त्यातला धोका लहान बेटांपुरता मर्यादित नव्हता.

८/
'हेराक्लिओन' हे जहाज १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये बांधले गेले. पुढे ग्रीक मालकांनी त्याचे मोटारवाहू फेरीत रूपांतर केले. ८ डिसेंबर १९६६ च्या पहाटे, क्रीटहून पिरेअसकडे येताना, वादळात आतील एक शीतपेटीचा ट्रक सुटला. तो आदळून वाहने चढवण्याचा दरवाजा फुटला आणि जहाज फाल्कोनेरा या खडकाळ बेटाजवळ बुडाले. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत निष्काळजीपणा उघड झाला आणि मालकाला तुरुंगवास झाला.

९/
या दुर्घटनेला क्रीटच्या जनतेने दिलेले उत्तर असाधारण होते. १९६७ मध्ये, बिशप इरिनेओस यांच्या पुढाकाराने, सामान्य लोकांच्या भागभांडवलातून 'आनेक' ही बोट कंपनी स्थापन झाली. ज्यांना बोटीतून प्रवास करायचा होता, तेच तिचे मालक झाले. क्रीट मोठे बेट असल्याने हे जमले. दोनशे वस्तीच्या बेटाला असे भांडवल उभारणे अशक्य होते.

१०/
२६ सप्टेंबर २००० च्या रात्री 'एक्स्प्रेस सामिना' हे जहाज पारोस बेटाजवळच्या पोर्तेस खडकांवर आदळले. १९६६ मध्ये बांधलेल्या या जहाजाचे वय ३४ वर्षे होते, आणि त्या काळी ग्रीक प्रवासी जहाजाची वयोमर्यादा होती ३५. सुकाणूकडे पुरेसे लक्ष नव्हते; नियमाने बंद असायला हवे होते असे बहुतेक जलरोधक दरवाजे उघडे होते. ८० हून अधिक माणसे दगावली. अंधारात आणि उसळत्या समुद्रात पारोसच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या घातल्या आणि अनेकांचे प्राण वाचवले.

११/
तोवर देशांतर्गत मार्ग ग्रीक ध्वजाच्या जहाजांसाठी राखीव होते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार २००२ मध्ये ही बाजारपेठ खुली झाली. नफ्याच्या मार्गांवर स्पर्धा आली. नापीक मार्गांसाठी सरकार निविदा काढून अनुदान देते. २०१८ मध्ये आणखी एक योजना आली. बोटीचे भाडे तेवढ्याच अंतराच्या जमिनीवरील प्रवासापेक्षा जास्त असेल, तर फरकाची रक्कम सरकार बेटवासीयांना परत करते.

१२/
नाक्सोस आणि आमोर्गोस यांच्या दरम्यान इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसी आणि दोनूसा ही चिमुकली बेटे आहेत. 'एक्स्प्रेस स्कोपेलितिस' हे छोटे जहाज वर्षानुवर्षे त्यांना जोडत आले आहे. उन्हाळ्यात त्याच्या डेकवर पर्यटकांची गर्दी असते. जानेवारीत मात्र मोजके उतारू असतात. त्यांत कोणी दवाखान्यात निघालेले असते, कोणी परतणारे. या फेऱ्यांचा हिशेब तिकिटांच्या विक्रीतून कधीच जुळणार नाही. डोंगरातल्या शेवटच्या गावाला रस्ता नेताना सरकार तेथील नफा विचारत नाही. समुद्रातील शेवटच्या गावालाही तोच न्याय लावायचा, एवढे मान्य करायला ग्रीसला दीड शतकाहून अधिक काळ लागला.