मनमाड जंक्शन : रुळांचा इतिहास आणि गँगमनचा प्रश्न

आम्ही धाराशिव जिल्ह्यातील जळकोटचे. आमच्या गावावरून सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो, रेल्वे जात नाही. रेल्वेसाठी आजही सोलापूर गाठावे लागते. तरीही आम्ही मनमाडवर लिहीत आहोत, कारण हे जंक्शन समजल्याशिवाय बाबासाहेबांचे कामगारविषयक राजकारण समजत नाही, असे आमचे ठाम मत आहे.

मनमाडचा नेहमी सांगितला जाणारा इतिहास असा. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी धावली. पुढे १८६०च्या दशकात जी.आय.पी. रेल्वेचा मार्ग थळ घाट चढून नाशिक, मनमाडवरून भुसावळकडे गेला. नंतर दौंडकडून एक फाटा येऊन मिळाला आणि १९००च्या सुमारास निजामाची रेल्वे हैदराबादहून औरंगाबादमार्गे मनमाडला पोहोचली. आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मराठवाड्यासाठी मनमाड हे मुंबईकडे उघडणारे दार ठरले. पण निजामाची लाईन मीटरगेज आणि मुंबईची ब्रॉडगेज. म्हणून एका गाडीतला माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. ही स्थिती १९९०च्या दशकापर्यंत राहिली.

हा झाला गाड्यांचा आणि गेजचा इतिहास. पण खडी कोणी टाकली? उन्हापावसात रुळांची देखभाल कोणी केली? या प्रश्नांपाशी आले की प्रस्थापित इतिहासकारांची लेखणी थांबते.

पहिली गाडी धावली त्याच १८५३ साली कार्ल मार्क्सने एका अमेरिकन वृत्तपत्रात लिहिले होते की रेल्वेमुळे आधुनिक उद्योग येतील आणि जातिव्यवस्था ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर उभी आहे ती मोडून पडेल. वरवर पाहता ते पटण्यासारखे होते. तिकीट काढले की कोणीही डब्यात बसणार, शेजारी कोण बसला हे विचारायची सोय नाही. मग प्रत्यक्षात काय घडले?

त्याचे उत्तर पंच्याऐंशी वर्षांनी मनमाडला मिळाले. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी भाषणात रेल्वेच्या नोकऱ्यांची उतरंडच उलगडून दाखवली. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि बहुधा गँगमन म्हणूनच राहतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. कारखान्यातही मिस्त्री, फोरमन या जागा त्याच्यासाठी नाहीत, त्याने कुलीच राहायचे. म्हणजे रेल्वेने जात मोडली नाही, जातीला नवा हुद्दा दिला.

याच परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीचे लोक नव्हेत, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती सर्व वर्गांत भिनली आहे, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. अस्पृश्यांची वेगळी परिषद घेऊन कामगारांत फूट पाडता, हा आरोप तेव्हाही होता. त्यांचे म्हणणे सरळ होते : फूट आम्ही पाडलेली नाही, ती आधीपासून आहे. एका कामगाराने दुसऱ्याला बढतीच्या जागेपासून दूर ठेवायचे आणि तरीही एकजुटीच्या घोषणा द्यायच्या, हे चालणार नाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरला. फूट पाडणारा माणूस असे करतो काय?

आज आपल्यातले काही मित्र फक्त पहिला शत्रू लक्षात ठेवतात. डावे मित्र फक्त दुसरा. मनमाडने मात्र दोन्ही शत्रू एकाच रुळावर उभे असलेले दाखवले. गँगमनची मजुरी तुटपुंजी ठेवणारा एक आणि त्याला गँगमनच ठेवणारा दुसरा. यातला एक सोडून दिला तर दुसरा हाती लागत नाही.

हा प्रश्न जुना झाला, असे कोणी म्हणू नये. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याच्या व्याख्येत रेल्वेचे रूळ स्पष्टपणे आले आहेत. पण संरक्षक साधने दिली की तो कामगार त्या व्याख्येतून बाहेर, अशी पळवाटही त्याच कायद्यात आहे. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात, रुळांवरची ही प्रथा ठरावीक मुदतीत संपवण्याचे धोरण रेल्वेने आखावे, असे सांगितले. गँगमनचे नाव बदलून ट्रॅक मेंटेनर झाले. नाव बदलले, पण रुळांवर आणि फलाटावर झाडू कोणाच्या हाती आहे आणि तो कोणत्या ठेकेदाराकडे राबतो, हे आपण विचारले पाहिजे.

म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर आपण पाळतोच. १२ फेब्रुवारीलाही आपापल्या वस्तीत मनमाडच्या भाषणाचे सामूहिक वाचन करा आणि त्याला आपल्या भागातील ठेका कामगारांना बोलवा. त्यांना ऐकवण्याआधी त्यांचे ऐका.

जय भीम!