पाच सिनेमे आणि आमचं नारायणगाव

मंडळी, गेल्या आठवड्यात पाच रात्रींत पाच सिनेमे पाहिले. लेकीने लॅपटॉपवर लावून दिले, मी पाय वर घेऊन बसलो.

'पिंजरा' (१९७२) कितव्यांदा पाहिला ते मोजत नाही. व्ही. शांतारामांनी तो ज्यावरून घेतला तो १९३० चा जर्मन 'द ब्लू एंजल' मात्र पहिल्यांदाच पाहिला. जर्मन मास्तर नाचणारीच्या नादाने विदूषक होतो. आपला मास्तर फडात राबतो आणि शेवटी स्वतःच्याच खुनासाठी फासावर जातो, का तर गावाने उभारलेल्या त्याच्या पुतळ्याला तडा जाऊ नये म्हणून! डॉ. लागू गप्प राहतात ते प्रसंग आजही अंगावर येतात. पण देश दोन असले तरी मास्तर बिघडल्याचं खापर दोन्हीकडे बाईच्याच माथी. आम्हा मास्तरांची अब्रू फारच महाग दिसते.

अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्यात शंभरावर आठवडे चालला. त्यातल्या हंसा वाडकरांनी पुढे आत्मचरित्राला हेच नाव दिलं आणि त्यावरून बेनेगलांनी १९७७ साली 'भूमिका' काढला. त्यात तमाशाचा फड नाही, सिनेमातली नटी आहे. तरी मला तोच आमच्या गावाच्या सगळ्यांत जवळचा वाटला. कमावते बाई, आणि पैशाचा हिशेब दुसऱ्याच्या हातात.

नारायणगावात राहतो म्हणून हे सुचतं. पाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावचेच काय, लांबलांबचे गावकारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. घासाघीस होते, तारीख ठरते. कलावंतांनी आधीच उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. फडमालकाच्या डोक्यावर त्याचं वेगळं कर्ज. पडद्यावर लावणी दिसते, पण ही उचल क्वचितच. 'नटरंग'मध्ये (२०१०) फड उभा करायची धडपड तरी आहे, तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. खेळ चालू असताना बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. लोक हे कौतुकाने सांगतात. त्या रात्री त्यांना थांबता का आलं नाही, हे कुणी विचारत नाही. शेवटची वर्षं हलाखीत काढून त्या जानेवारी २००२ मध्ये गेल्या. २००६ पासून सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. असो.

माझ्या वर्गात फडातली मुलं असत. दसऱ्याला फड बाहेर पडला की हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू होत, त्या थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत. वार्षिक परीक्षा नेमकी त्याच दिवसांत. हुशार होती हो! पाढे तालात म्हणत. एक मुलगी तर परत आली की गेल्या वर्षीची कविता चालीसकट म्हणून दाखवायची, आणि बसायची मात्र त्याच इयत्तेत.

'नटरंग'मधल्या अतुल कुलकर्णींवर सावकाश लिहीन. आज डोळे दुखताहेत.