हमीचं काम : महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेची घडण

अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रत्येक ग्रामीण प्रौढाला ते पुरवणे हे सरकारचे कायदेशीर बंधन आहे, असे भारतात सर्वप्रथम महाराष्ट्राने मान्य केले. त्यासाठीचा कायदा विधिमंडळाने १९७७ साली एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. संकटकाळी सरकारने दिलेली मदत आणि बारमाही मागता येणारा हक्क यांतले अंतर तोडायला मात्र शंभर वर्षे लागली होती.

दुष्काळात लोकांना रस्त्याच्या वा तलावाच्या कामाला लावून मजुरी देण्याची पद्धत ब्रिटिश काळात रुळली. तिचा हेतू माणसे मरू न देण्यापुरता होता. १८७७ च्या आरंभी भारत सरकारचा दुष्काळ प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल याने मजुरीचा दर एवढा खाली आणला की दिवसभर राबणाऱ्या धडधाकट पुरुषाच्या वाट्याला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोकड येऊ लागली. खरा गरजू तेवढाच यावा म्हणून कामे गावापासून दूर काढली जात. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी हा दर नाकारून मोठ्या संख्येने कामे सोडली. पुण्याची सार्वजनिक सभा ही संघटना आणि तिचे नेते गणेश वासुदेव जोशी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मजुरी किती असावी हा प्रश्न हिशेबनिसाचा नसून न्यायाचा आहे, हे दख्खनच्या मजुरांनी तेव्हाच सांगून ठेवले होते.

१९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्रात मुंबईच्या गिरण्या, कारखाने आणि बँका होत्या. त्याच राज्यात सोलापूर, अहमदनगर, बीड, उस्मानाबाद, सांगलीचा पूर्व भाग असा पावसाच्या भरवशावर जगणारा अवर्षणप्रवण पट्टाही होता. ज्वारी-बाजरीची काढणी आटोपली की पुढचा पाऊस पडेपर्यंत शेतमजुराच्या हाताला काम नसे. अल्पभूधारकाची स्थिती याहून फारशी बरी नव्हती. १९६१ चा शेतजमीन कमाल धारणा कायदा झाला, परंतु भूमिहीनाच्या घरी जमीन पोहोचली ती थोडीच. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात १९६०-६१ मध्ये देशातील सुमारे ४० टक्के ग्रामीण आणि ५० टक्के शहरी लोक किमान गरजांखाली जगत असल्याचा अंदाज मांडला होता. वाटायला पुरेशी जमीनच नाही, तेव्हा तळच्या कुटुंबांचे उत्पन्न वाढवायचे तर त्यांना सार्वजनिक कामांवर रोजगार द्यावा आणि त्याचा पैसा वरच्या थरांकडून उभा करावा, असे त्यांचे म्हणणे होते.

महाराष्ट्रात या विचाराचे बीज त्याआधीच पडले होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात एक प्रयोग सुरू केला. विकासकामांचा पैसा अशा रीतीने खर्चावा की काम मागणारा कोणी रिकामा राहू नये, आणि त्या श्रमातून विहिरी, बांध, पाझर तलाव यांसारखी गावाच्या उपयोगाची मत्ता उभी राहावी, ही त्यामागची कल्पना होती. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ती उचलून धरली.

योजना व्यापक स्वरूपात १ मे १९७२ पासून लागू करण्याचे ठरले आणि त्याच वर्षी दुष्काळाने गाठले. १९७०-७१ पासून ओळीने तीन वर्षे पीक बुडाले होते. १९७२-७३ मध्ये तर राज्यातील धान्याचे उत्पादन नेहमीच्या निम्म्यावरही आले नाही. हमी बाजूला ठेवून दुष्काळी कामे काढावी लागली. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. खडी फोडणे, रस्ते, नाला बंडिंग, पाझर तलाव अशी कामे गावोगाव चालली. लाल मिलो या आयात ज्वारीच्या भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी ही त्या पिढीची आठवण झाली. एवढ्या मोठ्या अवर्षणात भूकबळींचे थैमान टळले, ते मुख्यतः मजुरीमुळे. बाजारात महाग का होईना, धान्य होते. गरिबाच्या खिशात ते घ्यायला पैसा आला. हजारो मजूर, त्यांत बहुसंख्येने स्त्रिया, तहसील कचेऱ्यांवर मोर्चे घेऊन गेले. थकलेली मजुरी मागण्याची, काम बंद पडले तर दुसरे मागण्याची सवय लागली. १९७४-७५ मध्ये हमी योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा तिला मागणारे लोक तयार झालेले होते.

योजनेचे खरे वेगळेपण तिच्या पैशात आहे. केंद्राच्या अनुदानाची वाट न पाहता राज्याने १९७५ साली व्यवसाय कर बसवला आणि त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटार वाहने, जमीन महसूल आणि बागायती जमीन यांवर जादा आकारणी केली. या करांतून जेवढी रक्कम येईल तेवढीच राज्याने आपल्या तिजोरीतून रोजगार हमी निधीत घालायची होती. वसुलीचा मोठा भाग मुंबईतून येई. मुंबईच्या पगारदाराच्या वेतनातून दरमहा कापली जाणारी रक्कम अशी दुष्काळी माणदेशातल्या मजुराच्या मजुरीला जोडली गेली. राज्यघटनेने व्यवसाय कराला माणशी वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. शहरातल्या मध्यमवर्गाने हा भार फारशी तक्रार न करता उचलला, याची नोंद घ्यायलाच हवी. शहरावर लोटणारे लोंढे थांबतील ही अपेक्षा त्यामागे होती. तसेच बागायतदार पुढाऱ्यांनाही मजूर गावातच राहणे आणि शिवारात तलाव-रस्ते होणे सोयीचे होते.

कायद्याप्रमाणे १८ वर्षांवरील कोणाही ग्रामीण व्यक्तीला नाव नोंदवून काम मागता येई. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. तो मात्र दिवसाला एक रुपया एवढाच ठरला आणि क्वचितच कोणाच्या हाती पडला. नवे काम काढायला निदान ५० मजूर लागत. कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांसाठी पाळणाघर असावे असा दंडक होता. सूत्रे जिल्हाधिकाऱ्याकडे आणि प्रत्यक्ष काम पाटबंधारे, बांधकाम, कृषी, वन या खात्यांकडे असे. मजुरी हजेरीवर नसून खोदलेल्या मातीच्या मापावर मिळे. स्त्री आणि पुरुष यांना दर एकच होता. शेतात बाईला पुरुषाहून कमी मजुरी मिळण्याच्या त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. अनेक कामांवर निम्म्याहून अधिक मजूर स्त्रिया असत, याचे एक कारण हेच.

१९७९-८० मध्ये योजनेतून सुमारे २० कोटी मनुष्यदिवसांचा रोजगार निर्माण झाला. पर्यायी काम उपलब्ध असल्याने शेतमजुरांना शेतमालकाशी घासाघीस करता येऊ लागली. जमिनीच्या मालकीत फरक पडला नाही, पण मजुरीला खालून टेकू मिळाला. १९८८ साली किमान वेतन दुपटीच्या आसपास वाढले आणि हमीचे दरही त्यासोबत वाढवावे लागले. दर योग्यच होते. परंतु त्या प्रमाणात पैसा वाढला नाही. कामे कमी निघू लागली, ती लांबच्या गावी निघू लागली, आणि मागेल त्याला काम हे सूत्र कागदावर कायम राहून शिवारात पातळ झाले. पुढे १९९० च्या दशकात कर गोळा होत राहिला, पण योजनेवरचा खर्च त्या मानाने वाढला नाही. गरिबाच्या नावाने उभारलेला पैसा गरिबापर्यंत न जाणे हा या इतिहासातला सर्वांत क्लेशदायक भाग आहे.

दुसरा दोष मत्तेच्या वाटपाचा. पाझर तलावामुळे पाणी वाढे ते ज्याची विहीर खालच्या अंगाला असेल त्याचे. तलाव खोदणाऱ्या भूमिहीनाला मजुरीखेरीज काही मिळत नसे. १९९० साली योजनेशी फळबाग लागवड जोडण्यात आली. कोकणात आंबा-काजू, पठारावर डाळिंब, बोर, सीताफळ यांच्या बागा खाजगी जमिनीवर सरकारी मजुरीने उभ्या राहिल्या. अनेक छोट्या शेतकऱ्यांना त्यातून कायमचे उत्पन्न मिळाले, पण ज्याच्याकडे बांधच नाही तो इथेही मजूरच राहिला. बोगस हजेरीपट, मापात मारलेली माती आणि महिनोन्‌महिने रखडलेली मजुरी यांचे आरोप सुरुवातीपासून होत आले. मजूर संघटित असत तिथे ते प्रकार कमी होत.

संसदेने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. काम मागण्याचा हक्क, पंधरा दिवसांची मुदत, बेकारी भत्ता ही त्याची चौकट महाराष्ट्राच्या कायद्यावरून आली. फरक दोन ठिकाणी होता. केंद्राची हमी प्रत्येक कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची होती. महाराष्ट्राची प्रत्येक प्रौढ व्यक्तीसाठी होती आणि तिला दिवसांची मर्यादा नव्हती. राज्याने आपला कायदा दुरुस्त करून केंद्राच्या योजनेशी जोडून घेतला, तेव्हा पहिल्या १०० दिवसांच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्राकडे गेला आणि त्यापुढच्या दिवसांची जबाबदारी राज्याच्या निधीवर राहिली.