कार्नॅटिक : प्रवाळखडकावरचे ३४ तास (थ्रेड)

१२ सप्टेंबर १८६९. सुवेझ बंदरातून पी. अँड ओ. कंपनीचे ‘कार्नॅटिक’ हे वाफेचे जहाज मुंबईकडे निघाले. जहाजावर ३४ प्रवासी, १७६ कर्मचारी, कापसाच्या गाठी, तांब्याचे पत्रे, टपाल आणि ४०,००० पौंडांची नाणी होती.

सुवेझ कालवा अद्याप खुला झाला नव्हता. त्याला दोन महिने अवकाश होता. इंग्लंडहून येणारी माणसे आणि टपाल अलेक्झांड्रियाला उतरून आगगाडीने सुवेझला येत आणि तिथे मुंबईचे जहाज गाठत. १८६२ मध्ये लंडनच्या सामुदा ब्रदर्सच्या गोदीत जलावतरण झालेले कार्नॅटिक याच वाटेवरचे. त्याला शिडेही होती आणि इंजिनही.

सुवेझच्या आखातातून तांबड्या समुद्रात उतरताना गुबालची सामुद्रधुनी लागते. बेटे आणि पाण्याखाली दडलेले प्रवाळखडक यांमुळे ही जागा नाविकांना नेहमीच धास्तीची. कप्तान जोन्स त्या रात्री स्वतः पहाऱ्यावर होता. तरीही १३ तारखेच्या पहाटे एकच्या सुमारास जहाज अबू नुहास या प्रवाळखडकावर चढून रुतले.

इथपर्यंतची कथा त्या शतकातल्या कितीतरी जहाजांची आहे. कार्नॅटिकची कथा वेगळी होते ती यापुढे.

जहाज तत्काळ बुडाले नाही. माल समुद्रात फेकून ते हलके करण्याचा प्रयत्न झाला. ते हलले नाही, पण आत शिरणारे पाणी पंपांना आवरत होते. जवळचे शदवान बेट काही मैलांवर होते. होड्यांनी तिकडे जावे, असा प्रवाशांचा आग्रह. कप्तानाने नकार दिला. उघड्या होडीतल्या प्रवासापेक्षा जहाज सुरक्षित, हा त्याचा हिशेब. शिवाय कंपनीचे ‘सुमात्रा’ हे जहाज याच वाटेने येणार होते. तेव्हा थांबायचे ठरले. दिवस गेला. संध्याकाळचे जेवण नेहमीच्या इतमामाने वाढले गेले!

हा हिशेब अगदीच वेडगळ नव्हता, हे मान्य करायला हवे. चूक झाली ती त्याला चिकटून राहण्यात. १४ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास पाणी बॉयलरपर्यंत पोहोचले आणि आग विझली. आता पंप बंद, दिवेही गेले. जहाजाचा पुढचा भाग खडकावर घट्ट, मागचा खोल पाण्यावर. त्यात हे वाढते ओझे. तरीही सकाळचे अकरा वाजेपर्यंत होड्या सुटल्या नाहीत.

अखेर परवानगी मिळाली. प्रथेप्रमाणे स्त्रिया आणि मूल प्रथम होडीत बसले, आणि त्याच सुमारास जहाज मधोमध दुभंगले. मागचा भाग खडकावरून घसरून तळाला गेला. ५ प्रवासी आणि २६ कर्मचारी, एकूण ३१ जण बुडाले. ही माणसे खडकाच्या धक्क्याने मेली नाहीत. त्या धक्क्यानंतर ३४ तास सर्व २१० जण जिवंत होते.

वाचलेले लोक होड्यांनी त्याच शदवान बेटावर पोहोचले. वाहून आलेल्या कापसाच्या गाठींनी त्यांना रात्री ऊब दिली. आणि जिची वाट पाहिली ती सुमात्रा खरोखरच आली; तिनेच त्यांना उचलून नेले.

चौकशीत कप्तानाला दोषी धरून त्याचा परवाना नऊ महिन्यांसाठी निलंबित झाला. विमेदारांनी मात्र नाण्यांसाठी तातडीने पाणबुडे धाडले. ३२,००० पौंड वर आले. उरलेल्या रकमेचा बोभाटा पुढे इतका झाला की आजही काही पाणबुडे तिथे नाणी शोधत उतरतात.

१९८० च्या दशकात जहाजाचा पुन्हा शोध लागला. सुमारे २७ मीटर खोलीवर ते कुशीवर पडले आहे. लाकडी तक्तपोशी केव्हाच कुजून गेली. उरलेल्या लोखंडी फासळ्यांवर आता मऊ प्रवाळ वाढले आहे, आणि त्यांच्यामधून वरून येणारा उजेड थेट तळापर्यंत उतरतो. त्याच अबू नुहासवर १९७८ आणि १९८३ मध्येही मालवाहू जहाजे आदळून बुडाली.