बीगल : एका शिकारी वंशाची घडण

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द पुरेसा होतो. इंग्रजांना त्यासाठी दोन शब्द लागतात. उघड्या माळावर राहणारा, पाठीमागे कुत्री लागताच दूरवर धावत सुटणारा तो एक. आणि झुडपांच्या आश्रयाने राहणारा, संकट येताच बिळात दडणारा लहानखुरा तो दुसरा. हा भेद वरकरणी प्राणिशास्त्राचा वाटतो. परंतु बीगल या श्वानवंशाचा बराचसा इतिहास या भेदाभोवतीच फिरलेला आहे.

आपल्याकडील मुधोळचा शिकारी कुत्रा सशाला डोळ्यांनी हेरतो आणि वेगाने गाठतो. बीगलची रीत अगदी निराळी. ससा दृष्टीआड झाला तरी जमिनीवर राहिलेल्या गंधावरून तो माग काढतो आणि माग लागताच गळा मोकळा करून ओरडू लागतो. शिकार कोणत्या दिशेने चालली आहे, हे शिकाऱ्याला त्या आवाजावरून कळते. त्यामुळे नाक, आवाज आणि चिकाटी या तीन गुणांची निवड करीत जाणे, हेच बीगलच्या पैदाशीचे मूळ सूत्र होय.

सशाच्या शिकारीचा छंद फार जुना आहे. ग्रीक लेखक झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्या विषयावर ग्रंथ लिहून कुत्र्यांचे गुणदोष बारकाईने नोंदविले होते. इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी (१५५८–१६०३) अगदी लहान चणीचे बीगल दरबारी मंडळींत लोकप्रिय होते. पुढे अठराव्या शतकात कोल्ह्याच्या शिकारीला प्रतिष्ठा आली. घोड्यावरून दौडणाऱ्या सरदारांना मोठे, वेगवान कुत्रे हवेसे झाले आणि बीगल मागे पडला. त्याला सांभाळले ते मुख्यतः पायी शिकार करणाऱ्या साध्या शेतकऱ्यांनी.

याच शतकात पैदाशीच्या विद्येला नवे वळण मिळाले. लेस्टरशायरमधील रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) याने मेंढ्या व गुरे यांच्या बाबतीत एक धाडसी प्रयोग चालविला. हवा तो गुण ज्या जनावरात उत्तम दिसेल, त्याच्याच नात्यातील जनावरांशी त्याचा संयोग घडवून तो गुण पक्का करावयाचा. त्याच परगण्यातील ह्यूगो मेनेल याने कोल्ह्याच्या शिकारी कुत्र्यांच्या बाबतीत निवडीचे असेच शास्त्र चालविले. सगोत्र विवाह वर्ज्य मानणाऱ्या आपल्या समाजाला ही रीत विचित्र वाटेल. पण युरोपातील बहुतेक जातिवंत पशूंची घडण या मार्गाने झाली आहे. तिचे मोल पुढे चुकवावे लागले, ते ओघाने येईलच.

१८३०च्या सुमारास एसेक्स परगण्यात फिलिप हनीवुड या धर्मोपदेशकाने बीगलांचा एक ताफा उभारला. आजच्या बीगलचा उगम बहुधा त्याच ताफ्यात शोधला जातो. ही कुत्री जेमतेम दहा इंच उंचीची होती. हनीवुडचे लक्ष शिकारीच्या कसबावर होते; रूपाकडेही लक्ष पुरविले ते टॉमस जॉन्सन याने. १८९०मध्ये इंग्लंडमध्ये बीगल क्लब स्थापन झाला आणि वंशाची लक्षणे शब्दबद्ध झाली.

अमेरिकेतील कथा अधिक रंजक आहे. यादवी युद्धात लढलेले जनरल रिचर्ड रोवेट इलिनॉय राज्यातील कार्लिनव्हिल येथे राहत. युद्धानंतर त्यांनी इंग्लंडमधून निवडक बीगल आणविले आणि त्यांच्यापासून एक घराणे सिद्ध केले. नॉर्मन एलमोर यांनीही ‘रिंगवुड’ व ‘काउंटेस’ ही जोडी आणविली. १८८५मध्ये अमेरिकन केनेल क्लबच्या दप्तरी पहिला बीगल नोंदला गेला. त्याचे नाव ‘ब्लंडर’, म्हणजे घोडचूक! वंशशुद्धीच्या नोंदवहीचा आरंभ अशा नावाने व्हावा, हा योगायोग मौजेचा खरा. १८९०मध्ये मॅसॅच्युसेट्समधील हायॅनिस येथे पहिली मैदानी चाचणी झाली.

अमेरिकेत बीगलला सावज मिळाले ते कॉटनटेल जातीच्या सशाचे. हा ससा कुत्री मागे लागली तरी आपला परिसर सोडत नाही. मोठे वर्तुळ घेऊन निघाल्या ठिकाणाजवळ परत येतो. शिकारी एका जागी उभा राहून कुत्र्यांचा आवाज ऐकत वाट पाहतो. येथे फार वेगवान कुत्रा निरुपयोगी ठरतो, कारण पाठलाग अंगाशी आला की ससा जवळच्या बिळात शिरतो आणि खेळ संपतो. उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशातला मोठा ससा मात्र लांब पल्ल्याचा. तेथे पायाला वेग आणि छातीत दम असलेली कुत्री हवी. एका वंशाच्या दोन शाखा होण्याचे बीज या फरकात होते.

स्पर्धांनी ही फारकत पार ताणली. दोनतीन कुत्री एकत्र सोडून जो मागापासून तसूभरही ढळणार नाही त्याला श्रेष्ठ ठरविण्याची पद्धत रूढ झाली. सावकाश चालणारा कुत्रा कमी चुकतो. तोच जिंकू लागला, त्याचीच पिल्ले मागणीत आली आणि काही पिढ्यांत अशी कुत्री निपजली की त्यांच्यामागे माणसाने रमतगमत चालावे. पंचांचे समाधान झाले. शिकारी मात्र वैतागले. ससा पुढे जाऊन निवांत बसे आणि कुत्रे त्याच्या प्रत्येक पावलाचा वास घेत मागे रेंगाळे. दोष कुत्र्याचा नव्हता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लहान ताफ्यांच्या स्वतंत्र चाचण्या सुरू झाल्या. त्यांत माग शोधणे, माग सुटल्यास पुन्हा धरणे आणि बंदुकीच्या आवाजाला न बिचकणे यांना महत्त्व आले. बीगलच्या पैदासकारांना आपल्या कुत्र्यांच्या उपयुक्ततेचा विचार पुन्हा करावा लागला, तो या चाचण्यांमुळे.

नात्यातल्या संयोगाचे मोल शरीरानेही चुकविले. बीगलांमध्ये एक आनुवंशिक व्याधी आढळते. तिच्यात कातडी घट्ट ताणलेली असते, सांधे आखडतात आणि पिल्लू बोटांच्या टोकांवर चालते. आईबाप दोघेही निरोगी दिसत असताना दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच ती प्रकट होते. म्हणून केवळ नजरेने निवड करणाऱ्या कुशल पैदासकारालाही ती चकवीत राहिली. २०१०मध्ये संशोधकांनी तिचे कारण असलेले जनुक निश्चित केले आणि चाचणी शक्य झाली. तेव्हापासून जाणते पैदासकार नर-मादीची जोडी ठरविताना वंशावळीच्या कागदाबरोबर या तपासणीचा अहवालही मागतात.

इंग्लंड व वेल्समध्ये २००४च्या कायद्याने कुत्र्यांकरवी होणाऱ्या सशाच्या शिकारीवर बंदी आली, आणि २००५पासून ती अमलात आली. त्यानंतर तेथील ताफ्यांना माणसाने टाकलेल्या कृत्रिम गंधामागे धावविण्याची पद्धत पुढे आली. अमेरिकेत व्हर्जिनियातील ॲल्डी येथे राष्ट्रीय बीगल क्लबने १९१६मध्ये घेतलेल्या जमिनीवर ताफ्यांच्या चाचण्या होत आल्या आहेत. तेथे माग खऱ्या सशाचाच असतो.